बर्फावरच्या खेळाचं आपलं नाव

हॅलिफॅक्स, जानेवारी

प्रिय बाबा,

"काठी वाकवू नकोस, वाकलेलं मूळ शोध," असं तुम्ही रानात हॉकीच्या काठीसाठी लाकूड शोधताना म्हणाला होतात. तुम्ही बनवलेली काठी दाखवून तेच वर्गात सांगितलं. लगेच एक मुलगी म्हणाली, "बाई, हॉकी हे तर गोऱ्यांचं नाव. आपण मिकमाक, इथले मूळचे लोक, या खेळाला काय म्हणायचो?"

पुस्तकांत तो शब्द तीन तऱ्हांनी लिहिलाय. मला नीट म्हणता येईना.

"अय्या, बाईंनाच येत नाही! घरी विचारा की!" मुलं ओरडली.

मला थंडी मानवलीय. तुमचा गुडघा कसा आहे?

आपली भाषा बोललात म्हणून गोऱ्यांच्या बोर्डिंग शाळेत तुम्हाला लहानपणी मारलं, हे विसरले नाही. पण तो शब्द नीट म्हणणारं माझ्या ओळखीत तुमच्याखेरीज कुणी उरलं नाही. नाहीच म्हणाल, तरी विचारते: एकदा याल, मुलांसमोर म्हणायला?

तुमची,
मदलेन