डावं चाक उजवीकडे

अण्णा,

गेल्या शनिवारी मी एका जुन्या ट्रॅक्टरची मागची चाकं उलटी बसवली. मुद्दाम, समजून उमजून. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुमच्या टायरच्या दुकानातल्या एका दुपारी मी बरोबर होते आणि तुम्ही चूक, अशी माझी इतकी वर्षं खात्री होती. ती खात्री शनिवारी गेली, आणि तेव्हापासून चैन नाही. तुमची माफी कशी मागायची हे कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखजवळच्या आमच्या खेड्यात शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या घरातले. माझी मुलगी त्यांना ओपा म्हणते, जर्मनमध्ये आजोबा. त्यांचा ट्रॅक्टर माझ्याहून वयाने मोठा आहे, आणि दर उन्हाळ्यात ते तो गावाच्या फेराइनच्या, म्हणजे मंडळाच्या, शर्यतीत उतरवतात. ट्रॅक्टरच्या मागे एक गाडी जोडतात. ट्रॅक्टर जसा पुढे जाईल तसं गाडीवरचं वजन पुढे सरकत येतं आणि ती मातीत रुतत जाते. चाकं जागच्या जागी फिरायला लागली की खेळ संपला, मग किती मीटर ओढलं ते मोजायचं. तुम्ही म्हणाला असतात, "अडकेपर्यंत ओढायचं आणि वर बक्षीस? आपल्याकडं कारखान्याच्या रस्त्यावर हे रोज फुकट चालतं!" यंदा आजोबांचा खांदा दुखावला. ते मला म्हणाले, तू चालव. कदाचित ही त्या ट्रॅक्टरची शेवटचीच शर्यत असेल, हे ते बोलले नाहीत, पण मला कळलं.

प्रश्न टायरचा होता. त्यांच्या कोठारात दोन जोड्या. एक नवी कोरी, उंच रबरी पट्ट्यांची, दृष्ट लागावी अशी. दुसरी जुनी, पट्ट्या झिजून निम्म्या झालेल्या. मी तुमचीच मुलगी, त्यात इंजिनिअर, त्यामुळे एक्सेलमध्ये रीतसर तक्ता केला: रुंदी, पट्टीची उंची, हवा, जमिनीला टेकणारा भाग. तक्ता म्हणत होता नवी घ्या. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं, "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाले, आणि जुनी जोडी बाहेर काढली. उंच पट्टी भाराखाली वाकते म्हणे, बुटकी ताठ राहते. इथवर मला पटलं. मग ते म्हणाले, डावं चाक उजवीकडे लाव, उजवं डावीकडे. मी म्हटलं, "अहो, पण बाण! चाक कुठे फिरायचं ते सांगणारा टायरवरचा बाण मागे जाईल की." आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटला, कारण जवळजवळ हेच वाक्य मी आधी एकदा बोलले होते.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत घरी आले आहे. गळीत हंगाम जोरात आहे, दुकानासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. तुम्ही एका ट्रॅक्टरची मागची चाकं या बाजूची त्या बाजूला लावून नट आवळताय. ड्रायव्हर शेजारी उकिडवा बसलाय. मी उंबऱ्यातून ओरडते, "अण्णा, चाकं उलटी लागलीत! बाण बघा की!" ड्रायव्हर मांडीवर थाप मारून हसतो. "घ्या! लेकीनं पकडलं मालकांना." तुम्ही माझ्याकडे बघता. रागाने नाही. मग पुन्हा जॅक लावता, दोन्ही चाकं काढता आणि मी म्हणते तशी बसवता. तेवढ्या उन्हात. एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही बशीत चहा ओतत होतात. तेव्हा बोललात. "दुकानात माझं काही चुकतंय असं वाटलं, तर आधी चहा सांगायचा. चहा आला की मी मागं येतो. तिथं वाट्टेल ते बोल. गिऱ्हाइकासमोर नाही." मी विचारलं, "पण मी बरोबर होते ना?" तुम्ही बशी तोंडाला लावली आणि म्हणालात, "बाण बरोबर वाचलास." मी ते कौतुक समजले. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

शनिवारी आजोबांनी माझा अंगठा धरून जुन्या टायरच्या पट्टीवरून फिरवला. एक कड गोल, गुळगुळीत झालेली. दुसरी अजून धारदार, बोटाला लागेल इतकी. "आल्झो, म्हणजे असं बघ, चिखल असेल तर बाणाचं ऐकायचं, नाहीतर माती पट्ट्यांत अडकून बसते. पण कोरडी, कडक जमीन असेल तर धार कुठे आहे ते बघायचं, आणि ती जमीन धरेल असं चाक लावायचं." आणि मला दिसलं, अण्णा, त्या दुपारी नट आवळण्याआधी तुम्ही प्रत्येक पट्टीवरून असाच अंगठा फिरवला होता. हंगाम थंडीचा, रस्ता कडक. तुम्ही पावसाळ्यात ती चाकं स्वतःहून सुलटी केली असतीत. चार वाक्यांत मला गप्प करता आलं असतं तुम्हाला. पण त्या ड्रायव्हरसमोर तुम्ही मला खोटी पडू दिलं नाहीत. मला तिथेच, ग्रीसने माखलेल्या हातांनी, रडू आलं. आजोबांना वाटलं डोळ्यात काही गेलं.

रविवारी आम्ही पाचवे आलो. आजोबा खूश होते, गेल्या वर्षी नववे होते. पण खरं जे घडलं ते त्याच्या आधीच. मुलगी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून आली आणि खदखदून हसली. "मामा, फाल्श हेरुम! व्ही बाय आजोबा!" आई, उलटी लावलीस, आजोबांसारखी. शेजारचे ते तिचे ओपा, आजोबा म्हणजे तुम्ही. तुम्हाला तिने पाहिलेलं नाही. तुमच्याबद्दल तिला ही एकच गोष्ट नीट माहीत आहे, कारण ती मी हसवायला म्हणून शंभर वेळा सांगितली आहे. मी तिचा अंगठा पट्टीवरून फिरवला, सगळं समजावलं. ती गंभीर झाली. म्हणाली, तिच्या जर्मनमध्येच, "मग तू ती गोष्ट तशी का सांगायचीस?" मी म्हटलं, मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते अर्धंच खरं आहे. इथली पहिली नोकरी मिळाली तेव्हा कार्ल्सरूहेला मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, दुसऱ्या कुणाच्या लक्षात न आलेली चूक तुम्ही कधी पकडलीत का? मी तुमची गोष्ट सांगितली. टेबलापलीकडचे तिघेही हसले. गोष्ट अजून रंगावी म्हणून मी पदरचं एक वाक्य घातलं: माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. तुम्ही, अण्णा, रोज दुकान उघडण्याआधी अख्खा पेपर जाहिरातींसकट वाचायचात. नोकरी मिळाल्याचा फोन मी सगळ्यात आधी तुम्हालाच केला होता, आणि मुलाखतीत काय विचारलं, असं तुम्ही विचारल्यावर म्हटलं होतं, काही विशेष नाही.