आईच्या पाट्याची तब्येत

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
मंगळवार, दुपारी जेवून

तीर्थरूप सुगंधाताईस,

धाकट्या लवूचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघ्यांमुळे हल्ली अर्धंच वाकता येतं, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घे. भावोजींची शुगर, तुझी कंबर आणि गाभण म्हैस ही सगळी ठीक असतील असं धरून चालतो (म्हशीचं नाव शेवटी घेतलं म्हणून रागावू नकोस). इकडे मी बरा आहे. आशाही बरी आहे, पण गेले तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्याचं कारण पुढे येईलच.

पत्र का, असं विचारशील. फोनवर तू आधी बोलतेस, मग ओरडतेस आणि मग फोन ठेवतेस. माझी पाळीच येत नाही. गेल्या महिन्यातही तसंच झालं. येत्या रविवारी तुझ्या जितेशच्या गाडीतून येतेस, आईचा पाटा उचलतेस आणि घोटभर पाणीही न पिता माघारी जातेस, कारण तुझ्या नातीच्या, इशिताच्या लग्नाची हळद आईच्याच पाट्यावर वाटली जाणार, एवढं सांगून तू फोन आपटलास. तुझं म्हणणं रास्त आहे. आई गेल्यावर पाटा-वरवंट्यावरून आपण दोघं असे भांडलो की नाथामामांनी वैतागून वरवंटा तुला दिला आणि पाटा मला, आणि तेव्हापासून आपल्या दोघांच्याही घरी चटणी मिक्सरवर होते आहे. मामा आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्या न्यायबुद्धीबद्दल मी काही बोलत नाही.

तर पाटा तुला द्यायचा, हे ठरलं. मुकाट्याने द्यायचा. फक्त बघितल्यावर दचकू नकोस, म्हणून हे चार शब्द. दहा वर्षांत माझे केस गेले, तुझे दात गेले, मग पाटा तरी जसाच्या तसा कसा राहील? आमच्या समोरच्या दारात परभणीचं कुटुंब राहतं. त्यांची मुलगी संघप्रिया मातीच्या विषयात एम. एस्सी. झालेली आहे (जयंतीला त्यांच्याकडून येणारी खीर तू एकदा खाल्लीस तर चार दिवस इथून हलणार नाहीस). तिच्याकडून मी या विषयाचा कसून अभ्यास केलाय. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने या वयात एवढं शिकावं, याचं तुला कौतुक वाटायला हरकत नाही.

आपण दगड म्हणतो, तो एकजिनसी नसतो ताई. आपला काळा कातळ म्हणजे दोन-तीन जातींच्या खनिजांचे बारीक कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. एरवी ते कोणाला दाद देत नाहीत. पण असा दगड ओल्या मातीत ठेवला, की त्याची परीक्षा सुरू होते. मातीतली मुळं आणि जंतू श्वास सोडतात, तो वायू पाण्यात विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होतं, सोड्याच्या बाटलीतलं असतं तसं. हे पाणी दगडाच्या फटीत शिरतं आणि एकेक कण सैल करत त्यातलं चुन्याचं, पोटॅशचं सत्त्व विरघळवून घेऊन जातं. मागे राहते चिकणमाती आणि लोखंडाचा तांबूस गंज. त्यात जंतूंना लोखंड आणि स्फुरद हवं असतं, आणि ते दगडात कोंडलेलं. मग ते दगडावर चिकट साय धरून बसतात आणि लिंबाच्या रसासारखे आंबट रस सोडून आपला घास मोकळा करतात. बुरशीचे धागे सुईसारखे फटीत घुसतात. तयार झालेली चिकणमाती पाणी धरून ठेवते, ओल मिळाली की जंतू वाढतात, जंतू वाढले की आणखी दगड झिजतो. पाणी, जंतू आणि खनिजं यांचं एकमेकांवाचून चालत नाही. आपल्या घरात कोणाचं कोणावाचून अडत नाही असं सगळे म्हणतात, तिथे मातीत बघ किती समजूतदारपणा आहे.

आता मुद्द्याचं. तुला पाटा आधीपेक्षा दोन बोटं रुंद वाटेल. घाबरू नकोस. लोखंड गंजलं की फुगतं, हे तू दाराच्या बिजागरीत पाहिलं आहेस, आणि आपल्या पाट्यात लोखंड भरपूर (आईच्या हातचं वाटण खाऊन आपण कधी फिके पडलो नाही, ते उगीच नाही). रंग तांबूस-तपकिरी दिसेल, तो गंजाचा. वरचे टाकीचे घाव ताजे वाटतील, कारण मी पाटा मुर्ध्याच्या रस्त्याला बसणाऱ्या जाईबाईकडे टाकी मारायला नेला होता. आणि तुझ्या हातून जो कोपरा उडाला होता (माझ्या हातून नव्हे, हे आईने मरेपर्यंत मान्य केलं नाही), तो आता भरून आलेला दिसेल. काही जंतू पाण्यातला चुना साठवून भेगा बुजवतात, असं संघप्रियाने स्वतः सांगितलं आहे. मला तर हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आईची जखम जंतूंनी भरून काढली ताई, आपल्याला ते जमलं नव्हतं.

हे सगळं आपोआप झालं असं मात्र समजू नकोस. तुझा फोन आल्यापासून मी पाट्याला खुराक सुरू केला. गॅलरीत जुन्या टबात माती घातली, पाटा त्यात आडवा केला आणि जंतूंची भरभराट व्हावी म्हणून रोज सकाळी ताक, एक दिवसाआड गुळाचं पाणी आणि शनिवारी डोंगरीच्या गोठ्यातून आणलेलं शेण. (रिक्षावाल्याने शेणाची पिशवी मांडीवर घ्यायला लावली. आशा माझ्याशी का बोलत नाही, ते आता कळलं असेल.) चौथ्या दिवशी मुंग्या आल्या, सहाव्या दिवशी वास, आणि आठव्या दिवशी टबाला चीर गेलेली आहे हे खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवरून समजलं. सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई वर आले, नाकाला रुमाल लावून. मी त्यांना शांतपणे सगळं शास्त्र समजावलं. माझं हिंदी तुला माहीत आहे. मी म्हणालो, किरीटभाई, इसमें करोडों जंतू पाल रहा हूँ, थोडा टाइम दो, पत्थर को खा जाएँगे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "लवूभाई, ये फॅमिलीवाला बिल्डिंग छे," एवढंच म्हणून ते खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी औषध फवारणारी दोन माणसं पाठवली. मी अंघोळीला गेलो होतो. आशाने त्यांना दार उघडून गॅलरी दाखवली, वर चहाही दिला. टबात एक जंतू शिल्लक राहिला असेल तर शपथ. पाट्यावर पांढरे डाग दिसतील, ते त्या औषधाचे. हळद वाटण्याआधी तीन वेळा धुऊन घे.

तरीही मी हिंमत सोडली नाही आणि उरलेल्या दिवसांत होईल ते केलं. तेव्हा रविवारी पाटा बघ, ओळखीचा वाटला नाही तर शास्त्राला दोष दे, धाकट्या भावाला नको. लोभ असावा असं दरवेळी लिहितात, माझी तेवढी हाव नाही, राग थोडा आवरता असावा.

तुझा
लवू

ता. क. पत्र बंद करण्यापूर्वी शास्त्र तपासून घ्यावं म्हणून संघप्रियाला वाचायला दिलं. तिने पाण्याचा आणि जंतूंचा सगळा भाग बरोबर ठरवला, पेन्सिलीने शाबासकीची खूणसुद्धा केली. पुढचं वाचून मात्र ती खाली बसली. तिचं म्हणणं, हे सगळं होतं, पण कातळाची बोटभर जाडी जायला पिढ्यान्‌पिढ्या लागतात, तीन आठवड्यांत ताक पिऊन नव्हे. भेग बुजते, कोपरा उगवत नाही. मग ती गॅलरीत गेली, पाट्याला नाक लावलं आणि म्हणाली, "काका, गंजाला वेलचीचा वास येत नसतो. चहाचं पाणी ओतलंय का? त्या जंतूंच्या नावावर काहीबी खपवू नका, त्यांना बिचाऱ्यांना पत्र लिहिता येत नाही." तेव्हा रंगापुरतं मी लिहिलेलं खोडलं असं समज.

दुसरा ता. क. रंगापुरतंच नाही, सगळंच खोड. गॅलरीतला पाटा आईचा नाही. मागच्या महिन्यात मी तो जाईबाईकडून विकत घेतला. जुना दिसेल असा दे म्हटलं, तर म्हणाली, "दगुड समदा जुनाच हाय दादा, घाव तेवढा माझा नवा." आईचा पाटा फुटला ताई. भाईंदरच्या खोलीतून आम्ही इथे राहायला आलो, त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि मी कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या हातून सुटला आणि मधोमध दोन तुकडे झाले. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसून रडलो. तुकडे टाकवेनात, म्हणून खाली कंपाउंडमध्ये कढीपत्त्याचं रोप लावलं होतं, त्याच्या मुळाशी पुरले.

आज, बुधवारी सकाळी, संघप्रियाला घेऊन ते उकरले. एक तुकडा वर आला. त्याच्यावर तांबूस साल धरली आहे, नखाने खरवडली की बोटाला ओली माती लागते. फुटलेल्या कडेला पांढरे धागे चिकटलेले होते, ती बुरशी, असं ती म्हणाली. भिंग लावून तिने मला दाखवलं. साल केसाएवढी पातळ आहे, पण खरी आहे, तिथे आईचा पाटा खरोखर माती होतो आहे. दुसरा तुकडा निघाला नाही, झाडाने मुळांत आवळून धरला आहे. त्या झाडाचा पाला आमची सगळी बिल्डिंग नेते, किरीटभाईंच्या कढीतसुद्धा तोच असतो. संघप्रिया म्हणाली, दगडातलं सत्त्व थोडं थोडं करून पानांत जात असणार. मी तिला किती, असं विचारलं नाही.

तिसरा ता. क., आणि आता लिफाफा चिकटवतो. तेव्हाच का नाही सांगितलंस, असं तू विचारणार. सांगणार होतो. त्या दिवाळीला तुझा फोन आला, भांडणानंतरचा पहिलाच, आणि तू कशी आहेस विचारायच्या आत ओरडलीस, माझा पाटा कधी देतोस? मी देत नाही जा म्हटलं. पुढच्या दिवाळीला परत फोन आला. फुटला म्हणून सांगितलं असतं, तर तू एकदा रडली असतीस, मला चार शिव्या घातल्या असत्यास, आणि मग मला फोन करायला तुझ्याकडे काय निमित्त राहिलं असतं? नऊ दिवाळ्या मी तुझा आवाज पाट्याच्या जोरावर ऐकला. आता पाटा नाही, हे तुला कळलं. तरी रविवारी ये. भांडायला ये, पण चार दिवसांचे कपडे घेऊन ये, आशाने तुझ्यासाठी खाट मोकळी करून ठेवली आहे.