चेटकिणीची एकशेवीस बोटं

डी मॉइन,
३१ ऑक्टोबर

प्रिय नडीन,

तू बरी असशील असं मी धरून चालते. मीही बरी आहे असं तू धरून चाल, म्हणजे चौकशी आटोपली.

आधी एक तक्रार, आणि ती मी पूर्ण गांभीर्याने नोंदवते आहे. या शहरात सोललेला अख्खा बदाम मिळेनासा झाला आहे. काप मिळतात, पूड मिळते, बदामाचं दूधसुद्धा मिळतं. पण आपल्या चेटकिणीच्या बोटांना, म्हणजे बोटाच्या आकाराच्या त्या बिस्किटांना, नख म्हणून लावावा असा बदाम नाही. काप लावून पाहिला. चेटकीण भयानक दिसण्याऐवजी अशक्त दिसायला लागली. शेवटी बावन्न वर्षांची, पदवीधर बाई दुपारभर गरम पाण्यात हात घालून एकशेवीस बदाम सोलत बसली. चिमटीतून निसटलेले तीन फ्रिजच्या मागे गेले. राहू देत, नव्या मालकांना भेट.

हो, घर विकलं. डिसेंबरात ताबा द्यायचा. आईला त्याआधी वृद्धाश्रमात खोली मिळाली आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, आणि आईच्या मते हे दृश्य तिच्या स्वभावाला शोभतं. तेव्हा कालची, तीस तारखेची, हॅलोवीनची मागत्यांची रात्र या घरातली शेवटची; वेश केलेली पोरं दारात येऊन जोक सांगणार आणि खाऊ नेणार, ते आता संपलं. तुमच्या ॲरिझोनात म्हणे एकतीस तारखेला पोरं येतात आणि एकही जोक न सांगता खाऊ घेऊन जातात. इतका फुकटेपणा आमच्याकडे चालत नाही.

आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून देखरेख करत होती.

"हे बोट आहे की गाजर? सांधे दाखव, सांधे!"

"दाखवलेत, आई."

"सुजलेले वाटतात."

"माझ्याच बोटांवरून केलेत."

त्यावर तिने पुढचं बोट तपासायला घेतलं, पण पटल्यामुळे नाही, हे तुला कळेलच.

बोटं भाजून झाली, बुंध्याला रास्पबेरीच्या जॅमचं रक्त लावून झालं, आणि तिने जाहीर केलं की या वर्षी दारात ती बसणार. मी खूप सबबी सांगितल्या: वारा आहे, कंबर आहे, पोरं धक्के देतात. गेली सहा वर्षं दारात मीच उभी राहते आणि तिला आत बसवते. त्याला कारण आहे. त्यावर येते.

मार्लीसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. समोरच राहते अजून. तिचा कचऱ्याचा डबा अजून आपल्याच फाटकासमोर येतो.

असो. सहाला दिवा लावला. आई ब्लँकेट पांघरून, मांडीवर टोपली घेऊन दारात. पहिल्या डायनासोरने विचारलं, "डॉक्टर भुताला काय म्हणाला?" आई म्हणाली, "काय रे?" "मला तर काहीच दिसत नाहीये!" आई इतकी हसली की त्याला तिने दोन बोटं दिली. मग एक छोटी चेटकीण आली, सहा-सात वर्षांची. जोक सांगितला, बोट घेतलं, दोन पायऱ्या उतरली आणि परत आली.

"आजी, हे तुम्हीच ठेवा."

"का गं? घाबरलीस?"

"नाही. घरी केलेलं असलं की आमची आई कचऱ्यात टाकते. उगीच वाया जातं. तुम्ही खा."

तिची आई फुटपाथवर उभी राहून स्वतःचे बूट बघत होती.

आपली आई हळूच माझ्याकडे वळली. "नडीन हेच म्हणाली होती."

सहा वर्षांत तुझं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं.

आता लिहितेच. त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर तू तिला म्हणालीस की पाकीटबंद नसलं तर हल्ली लोक फेकून देतात, तुझी बोटं कुणी खात नाही. तिने मला विचारलं, "खरं का?" मी म्हटलं, "नडीनला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही." तू सकाळच्या विमानाने गेलीस. आणि नडीन, त्याच्या दोन वर्षं आधी मार्लीसच्या त्या डब्यात मी आपली बोटं पाहिली होती. मी बांधलेली नारिंगी रिबीन तशीच होती. तू गेल्यावर दरवर्षी मी दारात विकतची चॉकलेटं वाटली आणि बोटं ऑफिसात नेली. आमच्या ऑफिसातले लोक काहीही खातात.

"तुला कधीपासून माहीत होतं?" आईने विचारलं.

"नडीनच्या आधीपासून. ती खरं बोलली होती. खोटं मी बोलले."

पायरीवर दुसरा एक डायनासोर ताटकळत होता. "मी जोक सांगू की नको?"

"सांग बाबा," आई म्हणाली. त्याने सांगितला. कुणीच ऐकला नाही. मी कोटांच्या कपाटात लपवलेली चॉकलेटं आणून त्याला मूठभर दिली. आईने ते पाहिलं. मग म्हणाली, "दिवा मालव."

अजून सव्वासातही झाले नव्हते. आम्ही आत बसून बोटं खाल्ली. तिसऱ्या बोटाला ती म्हणाली, "मीठ जास्त झालंय. नडीन असती तर पहिल्याच घासाला सांगितलं असतं."

"सांगितलं असतं."

"तिला फोन करायची मला लाज वाटते. तू लिही."

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी तिला हलवायचं आहे. त्याआधी ये. ती बोलेल. कदाचित आधी टोमणा मारेल, तो सहन कर.

मी खूप थकले आहे, म्हणून हे सरळ लिहिते. आईला तोंडी सांगून झालं. तुला लेखी देणं राहिलं होतं: त्या टेबलावर तू खरं बोललीस, आणि मला ते माहीत होतं.

तुझी, त्या दिवशी खोटं बोललेली बहीण,
कोरीन