नावाखालची ओळ

माय, डाळ मिल बंद झाली. मालकांच्या मुलांनी मशिनी विकल्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही सगळे घरी बसलो. तुझ्या जावयांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून घर माझ्याच पगारावर चालतं. पंचेचाळिशीच्या बाईला आता कोण कामावर ठेवतं, असं आर्णीतली माणसं मला मायेनंच सांगत होती. तुझी नात म्हणाली, "आई, दारोदार नंबर सांगत बसू नको. कार्ड छाप."

मला हसूच आलं. माझं पहिलं काम तर तूच मिळवून दिलं होतंस. मुलींच्या वसतिगृहातला सकाळचा स्वयंपाक उरकून, पीठ लागलेल्या हातांनीच तू मला मिलमध्ये घेऊन गेलीस. मालकांनी विचारलं, कोण ही? मी बाबांचं नाव सांगायला लागले, तर तू सगळ्यांदेखत ओरडलीस, "तुले विचारून राह्यले न? तुह्यं नाव सांग!" मी सांगितलं. मग तूच बोललीस, "बारावी शिकली साहेब. डाळीतला खडा सोडत नाही. ठेवून पाह्या." त्यांनी ठेवलं. त्यानंतर माझी ओळख कुणाला करून द्यायची वेळच आली नाही.

बसस्टँडजवळ लग्नपत्रिका छापणारा आहे, त्याच्याकडे गेले. त्यानं नाव टाकलं, नंबर टाकला आणि विचारलं, "खाली काय टाकू ताई? कंपनी कोणती?"

"कंपनी नाही."

"मंग कार्ड कायले?"

"कंपनीच शोधून राह्यली न भाऊ."

तो हसला, पण खरंच अडकला. मीही अडकले. इतकी वर्षं मिलचं नाव पुढे असायचं. ते काढल्यावर माझं म्हणून काय उरतं, याचा मला प्रश्नच पडला. शेवटी टाकायला सांगितलं, 'डाळीची पारख आणि साठवण'. स्वतःविषयी असं काही छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

कार्डं घेऊन यवतमाळच्या कृषी प्रदर्शनात गेले. एकानं कार्ड न बघताच खिशात टाकलं. दुसऱ्यानं त्याची घडी करून दात कोरला. तिसरा आडनावावर थांबला, वर बघून म्हणाला, "कोणत्या गावच्या? कोणाच्या तुम्ही?" त्याला काय विचारायचं होतं, ते तुलाही कळलं असतं. मी म्हटलं, "खालची ओळ वाचा न." त्यानं ती वाचली का, मला माहीत नाही.

फुलसावंगीच्या बायांचा एक स्टॉल होता. तिथल्या एकीला कार्ड दिलं. त्यांच्या तूरडाळीचा दाणा मी दाताखाली धरला आणि बोलून गेले, "ओल आहे. पावसाळ्यात कीड धरेल." त्या बाईचा चेहरा पडला. इथलं काम तर गेलंच, असं वाटून मी निघाले, तर तिनं मागून हाक मारली. "थांब वं. अजून दोन-चार कार्डं दे."

कशाला हवी होती, ते तिनं सांगितलं नाही. पुढे बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एके दिवशी मारेगावहून फोन आला. तिथल्या शेतकरी बायांनी मिळून कंपनी काढली होती, लहानशी डाळ मिल टाकली होती, माल सांभाळायला माणूस हवं होतं. मी आधी हेच विचारलं, माझं कार्ड तुमच्यापर्यंत आलं कसं? फोनवरची बाई म्हणाली, "या त खरं, मंग सांगतो."

गेले. त्यांच्या अध्यक्षबाईंनी मोबाईलच्या कव्हरमधून माझं कार्ड काढलं. त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. फुलसावंगीच्या बाईनं एका लग्नात ते त्यांच्या हातात दिलं होतं.

"काय लिहिलं हाय, म्या त वाचलंच नाही," त्या म्हणाल्या, "चष्मा नव्हता. तिनं सांगतलं, बाईनं आमच्या डाळीले तोंडावर नाव ठेवलं. म्हटलं, बलवा तिले."

मग त्यांनी कोठी दाखवली, पोती उघडली, खूप विचारलं. चहा झाल्यावर म्हणाल्या, "सोमवारपासून या." बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं, माझं कुणी गेलं.

आता मारेगावात खोली केली आहे. शनिवारी घरी येते. नवं कार्ड कंपनीच छापून देणार आहे. त्यावर काय टाकायचं हे त्यांनी मला विचारलं, तेव्हापासून तू सारखी मनात येतेस. तुझं कार्ड असतं तर नावाखाली काय टाकलं असतं? लोक तुला 'वसतिगृहातली बाई' म्हणत. तेवढंच? पोरींची भांडणं तू न ओरडता मिटवायचीस. कुणाला ताप आला की ती सांगायच्या आधी तुला कळायचा. पण हे सगळं मी लावलेलं. तू स्वतः काय सांगितलं असतंस?

हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून इथेच थांबते. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींना रांधून घातलंस, माय, आणि तुला स्वयंपाक आवडायचा की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही.