आठ दिवसांचा बर्फ

अण्णा, तुमच्या बर्फाच्या वह्या मी दोन महिने दडवून ठेवल्या होत्या आणि तुमची नात त्या रोज मागत होती. ती इथे सिंगापुरात, वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात काम करते. ज्या डोंगरावर तुम्ही रोज सकाळी आकडे रंगवलेल्या खांबापर्यंत चालत जाऊन बर्फ मोजायचात, तिथे आता माणूस नाही, स्वयंचलित हवामान केंद्र आहे. दांड्यावरचं यंत्र दर तासाला बर्फाची उंची मोजतं आणि तो आकडा इथे एसीत बसलेल्या मुलीला दिसतो. त्यावरून खाली नदीला किती पाणी येईल याचा अंदाज बांधतात. तुलनेला त्यांना तुमच्या काळचे आकडे हवे होते.

परवा जेवताना तिने सांगितलं की वादळात यंत्र गाडलं गेलं तर मधले तास ते हिशेबाने भरतात. माझं डोकंच फिरलं. "न मोजलेलं लिहायचं? आमच्या बोर्डिंगच्या शाळेतल्या नन्सनी हातावर पट्टी मोडली असती."

"आई, रिलॅक्स लाह," ती इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाली. "भरलेले आकडे लाल दिसतात, कोणाला फसवत नाही आम्ही." मग आमटी वाढून घेत म्हणाली, "आजोबांच्या वहीत असे आहेत का? सांग, तेही लाल करते."

मी उठले आणि भांडी घासायला लागले.

शाळेची थंडीची सुट्टी, मी तुमच्याकडे आलेली, तुम्ही तापाने आडवे. आठ दिवस मोजणी माझ्याकडे. पहिल्याच सकाळी कमरेइतक्या बर्फात माझा बूट अडकतो आणि खांब गाठायच्या आतच मी रडत परत येते. मग शेगडीपाशी बसून रोज कालच्यापेक्षा थोडा जास्त आकडा लिहिते, तुमच्या वळणाच्या अक्षरात. बरे झाल्यावर तुम्ही ते पान बराच वेळ पाहिलंत आणि तुमचे लोकरीचे हातमोजे मला दिलेत. एक शून्य नीट काढलं नाही म्हणून दिवसभर अबोला धरणारे तुम्ही, त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीत.

पडलेला बर्फ दबतो, उंची कमी होते, सलग आठ दिवस तो नुसता वाढत नाही, हे मला आत्ता या वयात मुलीच्या आलेखावरून कळलं. तुम्हाला तर पान पाहताक्षणी कळलं असणार. मग रागावला का नाहीत? माझी दया आली का तुम्हाला? मला नको होती ती. इथे हार्बरफ्रंटच्या माझ्या ऑफिसात एका चुकीच्या आकड्यासाठी मी मोठमोठ्या माणसांना रडवलं, तुमची लेक म्हणून मिरवत. तुम्ही तेव्हाच कान धरला असता तर आज ही वेळ आली नसती.

आज वह्या दिल्या. "हे आठ दिवस लाल कर," मी म्हटलं.

"का?"

"आजोबांना ताप होता."

"ओके." तिने टाइप केलं: निरीक्षक आजारी, आकडे अंदाजे.

यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याला वाटेल, ते आकडे तुम्ही अंथरुणात बसून रचलेत. ती टाइप करत होती तेवढ्यात सांगता आलं असतं, अण्णा. मी तिला विचारलं, आणखी एक पोळी हवी का.