नऊ नंबरचं वजन

३ जून
आजपासून वासरांचा प्रयोग. बारा कालवडी. सहांच्या दुधात अँटिबायोटिकची पावडर, सहांना नुसतं दूध. कोण जास्त वाढतं ते बघायचं. पहाटे दूध पाजायच्या आधीच सगळ्यांची वजनं घेतली. नऊ नंबर सगळ्यांत लुकडी — ती बिनपावडरीच्यांत. मालक म्हणाले, "तुझी वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." असू दे. माझं काम आकडे लिहायचं, जीव लावायचं नाही.

१० जून
पावडरवाल्या सरासरी तीन किलोंनी पुढे! एका आठवड्यात! दूध पाजणारी मावशी म्हणे, "औषध आहे की जादू?"
दूध कोमट असतानाच पावडर विरघळते, म्हणून मावशी त्या सहांना आधी पाजते. बाकीच्यांचं पातेलं तापेपर्यंत मी बाराहींची वजनं उरकते. वेळ वाचतो. युक्ती माझीच.

१७ जून
पुन्हा तीनच. मालक खूश. पावडरचं पोतं मागवलं. २४ तारखेला जी पन्नास किलो भरणार नाही, ती विकायची — "खायला काळ अन् भुईला भार!" नऊ नंबर ४४. अशा वासरांचं पुढे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

१८ जून
नऊ नंबर माझी बोटं चोखते. मावशी हसते. मी हात धुऊन टाकते.

२१ जून
नणंद आली होती. जेवण झाल्यावर वजनकाट्यावर चढली आणि किंचाळलीच. "वहिनी, हे धरायचं नाही हं! आत्ता तडस लागेपर्यंत जेवलेय!" सगळे हसले. मी नाही. पावडरवाल्या तीन लिटर दूध पिऊन काट्यावर येतात, बाकीच्या उपाशी! तीन लिटर म्हणजे तीन किलो. म्हणून तर फरक वाढत नाही की घटत नाही. गाढव मी!

२२ जून
बाराही उपाशीपोटी मोजल्या. फरक — नाहीच म्हणा ना. मालकांना सांगितलं. म्हणाले, "पोतं आलंय, आता घोळ घालू नकोस. पन्नास म्हणजे पन्नास. वहीत असेल ते खरं."
पावडरवाल्यांतल्या दोघी आज ४६च भरल्या, नऊ नंबरएवढ्याच. पण त्या काट्यावर दूध पिऊनच येणार; त्यांना कोणी विकणार नाही. रडू आलं. गोठ्यात, मावशीसमोर.

२४ जून
नऊ नंबर उपाशीपोटी ४७. मावशीला म्हटलं, "हिला आधी पाज." तिनं पातेलं पुढे ओढलं. तीन लिटर पाजलं. मग पुन्हा काट्यावर घेतली.
वहीत लिहिलं — ५०.