रिनोहाला ‘नाही’ म्हणता येत नाही

प्रिय आई,

‘आई’ लिहिलं खरं, पण तोशिकीचं आणि माझं नातं कागदोपत्री संपल्यावर सासूला आई म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, कुणास ठाऊक. दुसरं काही लिहवेना, म्हणून तेच राहू दिलं. पत्र घरी न पाठवता तुमच्या पुष्परचनेच्या वर्गाच्या पत्त्यावर पाठवते आहे, त्याबद्दल रागावू नका. तोशिकीच्या हाती पडलं तर तो न फोडताच परत धाडेल. सुमिरेबद्दल लिहायचंय. तुमची नात, माझी लेक. गेल्या रविवारपासून माझा जीव टांगणीला लागलाय. काही झालं तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी एक सांगते, ते वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल. रविवारी मॉलमध्ये तुम्ही सुमिरेला ‘जादूकन्या रिनोहा’चा खेळ दाखवायला आणलं होतंत ना? टीव्हीवरच्या कार्टूनमधली ती गुलाबी केसांची, हातात चांदणीची छडी घेतलेली रिनोहा मंचावर उड्या मारत होती, तिच्या आत मी होते. हो, मीच. लग्नाआधी शिकलेला नाच असा कामी आला. तुम्ही म्हणायचात, “चिझुरु, तुझं सूप म्हणजे नुसतं कोमट पाणी, पण स्वयंपाकघरात वावरतेस मात्र अशी ठुमकत!” ते ठुमकणंच आता मला पोसतंय.

रिनोहाचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो. आतल्या माणसाने फक्त हातवारे करायचे. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मुलांसमोर ते भलंमोठं डोकं उतरवायचं तर नावच काढायचं नाही. आमच्या मंडळाचे प्रमुख कुरामोचीसान फार कडक. पहिल्याच दिवशी म्हणाले, “डोकं चढवलं की चिझुरु संपली. पोरं काही का विचारेनात, मान हलवायची. तीही खांद्यापासून, नाहीतर मागच्या रांगेला दिसत नाही. रिनोहाला ‘नाही’ म्हणता येत नाही, कळलं?” ती मान त्यांनी माझ्याकडून इतकी घोटून घेतली की हल्ली दुकानात पिशवी हवी का असं विचारलं तरी मी कमरेपासून डोलते.

तुम्ही आला आहात हे मला माहीतच नव्हतं. डोळ्यांच्या जाळीतून दिसतं ते चिमूटभर. खेळाच्या शेवटी रिनोहा राक्षसाच्या माराने कोसळते आणि निवेदन करणारी ताई मुलांना म्हणते, “अजून मोठ्याने! तिला ऐकू जात नाहीये!” मग सगळी चिल्लीपिल्ली हातातले दिवे हलवत ओरडतात, “रिनोहा, हरू नकोस!” मी फळ्यांवर पालथी पडले होते. त्या कलकलाटात एक आवाज आला, शेवटाला जरासा चिरकणारा. आई, तिचे दुधाचे दात पडून नवे आले, एवढ्या काळात मी तो ऐकला नव्हता. उठायचं संगीत सुरू होऊन गेलं तरी मला उठता येईना. नंतर कुरामोचीसान फिस्कारलेच, “काय बाई, डोळा लागला होता की काय?”

मग हात मिळवायची रांग. तुम्ही विणलेला मोरपंखी स्वेटर घालून ती पुढे आली. घाबरू नका, तिने मला ओळखलं नाही. मी नियम पाळला. तिचा हात हातात घेतला, तोही हातमोज्यातून. ती टाचा उंचावून रिनोहाच्या कानाशी कुजबुजली. तो कान कापडाचा; माझा खरा कान त्याच्या बराच खाली, रिनोहाच्या हनुवटीपाशी असतो. तरी शब्दन्‌शब्द ऐकू आला.

“रिनोहा, तू सगळीकडे उडत जातेस ना? माझी आई दिसली की तिला सांग, मी आता ढोबळी मिरची खाते.” मी मान हलवली. “थुंकत पण नाही. आजीला विचार हवं तर.” पुन्हा मान हलवली. “मग आता ती परत येईल ना?”

आणि आई, मान हलली. खांद्यापासून, मागच्या रांगेला दिसेल अशी. मी हलवली नाही हो, ती हलली.

तुम्ही तिचा दंड धरलात, “चल गं, किती बोलशील, मागे रांग लागलीय,” म्हणालात आणि वाकून माझी माफी मागितलीत, “फार त्रास दिला हो हिने.” मीही वाकले. पुढचं मूल आलं, त्याचा हात धरला.

मिरचीचं काय ते आधी मला कळेना. मग घरी येताना आठवलं. त्या घरातल्या माझ्या शेवटच्या संध्याकाळी मी भरल्या मिरच्या केल्या होत्या. सुमिरेने आतला खिमा खाल्ला आणि हिरवी सालं भाताच्या वाडग्याखाली लपवली. मी रागावले नव्हते, उलट हसूच आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती बालवाडीतून परतायच्या आत मी बॅग घेऊन निघाले होते. पोरीने या दोन्हींची गाठ मारली आणि इतके दिवस ती गाठ एकटीने सांभाळली.

आता ती वाट बघत असेल. कार्टूनमध्ये रिनोहा कधी खोटं बोलत नाही. दारावरची घंटा वाजली की ती धावत जात असेल, हो ना? मी आले नाही की तिला वाटेल, मिरची पुरली नाही. मग ती गाजर खाईल. मग रडणं सोडेल, हट्ट सोडेल, मोठ्याने हसणं सोडेल. सगळे म्हणतील, किती गुणी पोर! तुम्हीही कौतुकाने तिच्या पानात आणखी एक मिरची वाढाल. हे डोळ्यांसमोर येतं आणि मला धड बसवत नाही.

मला भेटू द्या, हे मागायला पत्र लिहिलेलं नाही. भेटावंसं वाटतं, फार वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ते तोशिकीने ठरवायचं, आणि त्याच्याशी मी बोलेन. तुमच्याकडे एवढंच मागते, ते मात्र आजच करा. तिला जवळ घ्या आणि सांगा, रिनोहाने निरोप पोचवला. आई मिरचीमुळे गेली नव्हती, तुझ्या कशामुळेच गेली नव्हती. कधी येईल ते रिनोहालाही ठाऊक नाही, तिने उगाच मान हलवली, हेही सांगा. आणि रात्री जेवताना तिने मिरची ताटलीच्या कडेला सारली, तर सारू द्या. तिला ती आवडत नाही हो, आई. कधीच आवडली नाही.

तुमचीच,
चिझुरु